टपालबाईंचं स्टिअरिंग

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईला सगळं मिळतं, फक्त गाडीची किल्ली मिळत नाही. खंबाटकी घाटात एसटीला ओव्हरटेक केलेली बाई मी, पोवई नाक्यावर ऐन गर्दीत रिव्हर्स घेणारी. पण ओहायोत पोचले आणि जावईबापू अदबीनं म्हणाले, “आई, इथं सगळं उलटं असतं. तुम्ही आरामात बसा.” बसले. बसल्या बसल्या नसलेला ब्रेक दाबत राहिले.

अशात टपालवाल्या बाईंची गाडी दिसली. स्टिअरिंग उजवीकडे! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. या अख्ख्या पंचक्रोशीत ही गाडी सफाईनं चालवू शकेल अशी दुसरी व्यक्ती म्हणजे आपणच, हे मी मनातल्या मनात जाहीरही करून टाकलं.

तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि टपालाच्या पेट्याही उजव्याच कडेला, खांबावर. रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच, हे पोस्टानंच ठरवून दिलेलं, म्हणजे न उतरता खिडकीतून हात पोचतो. मग बसायलाही उजवीकडेच हवं. पोस्टाकडे तशा गाड्या आहेत. बऱ्याचशा १९८७ ते १९९४च्या दरम्यान बनलेल्या, ॲल्युमिनियमच्या, एसी नसलेल्या. खेड्यातल्या कितीतरी टपालवाहकांना मात्र तीही मिळत नाही. गाडी स्वतःची आणायची, पोस्ट भत्ता देणार. मग कुणी उजव्या स्टिअरिंगची जुनी जीप हुडकतं, कुणी जपानहून २५ वर्षांची म्हातारी गाडी मागवतं, कारण त्याहून तरुण गाडी आणायला कायदा आडवा येतो. ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते साधीच गाडी घेऊन उजव्या सीटवर बसतात, डावा पाय पलीकडे ताणून पेडल दाबतात, डाव्या हातानं स्टिअरिंग धरतात आणि उजव्या हातानं पत्रं टाकतात.

हे मी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर करून पाहिलं. लेक आली आणि म्हणाली, “आई, योगासनं हळूहळू वाढवायची असतात गं.”

आता थोडं विषयांतर, पण ते मला आवरत नाही. अमेरिकेत पोस्टानं पार्सलं न्यायला सुरुवात झाली १ जानेवारी १९१३ला. तो महिना सरायच्या आत ओहायोतल्याच एका जोडप्यानं आपलं तान्हं बाळ पार्सल केलं! मर्यादा ११ पौंडांची, बाळ जेमतेम तिच्यात बसणारं. तिकिटं १५ सेंटांची, वर ५० डॉलरचा विमा. गावच्या टपालवाल्यानं ते मैलभरावरच्या आजीकडे सुखरूप पोचतं केलं. पुढच्या वर्षी आयडाहोत पाच वर्षांची एक मुलगी ५३ सेंटांत रेल्वेच्या टपालडब्यातून गेली, तीही आजीकडेच. मग पोस्टानं माणसं पाठवायला बंदी घातली. का घातली? १५ सेंटांत नातू दारात! इथं आजीलाच व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, विमानात गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढावी लागते, आणि तिच्यावर कुणी ५० डॉलरचा विमासुद्धा आपणहून उतरवत नाही.

असो. दुपारी घरात कुणी नसे. रस्त्यावर माणूस दिसत नसे. मला पत्र येण्याची काडीमात्र शक्यता नव्हती, तरी मी गाडीच्या वेळेला पेटीपाशी जाऊन उभी राहायची. बाई काच खाली करायच्या. बोटाला रबरी टोपी, डाव्या सीटवर ट्रेमध्ये पेटीच्या क्रमानं लावलेली पत्रं, डॅशबोर्डवर कुत्र्यांसाठी बिस्किटं. एकदा धीर करून सांगितलं, “आमच्याकडे अशाच गाड्या असतात.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच.”

आपल्या देशाबद्दल इतक्या हेव्यानं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मग कळलं, सुरुवातीची काही वर्षं बाईंनी डावा पाय ताणूनच काढली होती. खुबा अजून दुखतो, म्हणाल्या. गाडी चालवून बघण्याची माझी इच्छा मी तिथंच गिळली. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे याचा अभिमान मिरवणारी मी, आणि दिवसभरात शेकडो पेट्यांशी थांबत-निघत जाणाऱ्या त्या. आपला ग्रामीण डाक सेवक तरी वेगळा कुठंय? तोही स्वतःच्याच दुचाकीवर वाड्यावस्त्या पालथ्या घालतो आणि पुरता सरकारी नोकर म्हणून गणला जात नाही. टपाल सरकारचं, कंबर मात्र ज्याची त्याची, हा न्याय दोन्हीकडे सारखाच. पोस्टाच्या नव्या, एसीवाल्या गाड्या २०२४पासून रस्त्यावर आल्यात खऱ्या. आमच्या बाईंच्या वाट्याला आली नव्हती.

थंडीत लेकाकडे किंवा लेकीकडे जाणार असाल तर एक कराच. बर्फ पडलं की फावडं घेऊन पेटीच्या अलीकडे-पलीकडे गाडी सरळ लागेल एवढी जागा मोकळी करा. जावई “आई, राहू द्या” म्हणतील. ऐकू नका.