बंदूकवाले नाना

नानांची बंदूक सध्या घरी आहे. ही बातमी आमच्या आळीत कुणाला सांगावी लागत नाही. बंदूक घरी असली की नाना ओटीवर दिसतात आणि ती पोलीस ठाण्यात जमा असली की बाजारात. तिच्यावाचून त्यांना घरात करमत नाही.

वसई-विरार पट्ट्यात असे नाना आळीआळीत सापडतात. कुठे त्यांना भाऊ म्हणतात, कुठे पापा, कुठे नुसतंच शिकारी. वय पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, केळीच्या वाडीचा टॉवरखाली जायचा राहिलेला एखादा तुकडा, खिशांना झाकणं असलेला खाकी शर्ट आणि भिंतीवर सांबराची शिंगं. आमच्या नानांनी त्या शिंगांचं वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र फ्रेम करून शिंगांच्या खालीच टांगलं आहे. पाहुणा आधी शिंगं बघतो, मग प्रमाणपत्र वाचतो, आणि त्यावर नानांच्या वडिलांचं नाव आहे हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत नाना गोष्टीत निम्मी वाट चालून गेलेले असतात.

बंदुकीची ओळख नाना माणूस बघून करून देतात. शाळकरी पोरांसाठी ती 'थ्री नॉट थ्री', पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात नेलेली. जरा जाणता माणूस असला तर 'थ्री नॉट थ्रीच म्हणा ना'. समोर निवृत्त फौजदार बसला असेल तर मात्र ती जी आहे तीच होते: इछापूरच्या धर्तीची, सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल. यात नानांचा फारसा दोष नाही. लष्कराच्या मापाचं काडतूस रयतेच्या हाती पडता कामा नये, ही धास्ती इंग्रजांनी घेतली ती पुढे आपल्या सरकारनेही सोडली नाही. इंग्रजांनी तर जुन्या थ्री नॉट थ्रीच्या नळ्या रुंद करून त्यांच्या .४१० च्या एकबारी मस्कटी केल्या आणि पोलिसांच्या खांद्यावर दिल्या. कुणी पळवली तरी लष्कराचं काडतूस तिच्यात चालू नये! नागरिकांसाठी मग बोल्ट तोच, ठेवण तीच, पण काडतूस निराळं असा मार्ग निघाला. फौजेत जाता जाता राहिलेली ही रायफल आणि शिकारी होता होता राहिलेले नाना. दोघांचं जमलं ते उगाच नाही.

खंडेनवमीला ती बघावी. नाना पहाटे अंघोळ करून चौरंग मांडतात. बोल्ट काढून बाजूला ठेवतात, गजाला फडकं गुंडाळून नळीतून चार वेळा फिरवतात, मग एक डोळा मिटून नळीतून उजेडाकडे बघतात. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब बोल्टला, उरलेला तिसरा काकूंच्या शिवणयंत्राला. दस्त्याला गंध, नळीला झेंडूचा हार, आणि हार नेमाच्या माशीवरून सरकू नये म्हणून वर रबरबँड. सगळं यथासांग. अडचण एवढीच, की विधानसभेची निवडणूक नेमकी दसऱ्याच्या आगेमागे येते. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वर्षी आचारसंहिता सप्टेंबरातच लागली आणि दसरा आला ऑक्टोबरात. दोन्ही वर्षी नानांनी चौरंगावर ठाण्याची पावती ठेवून तिला झेंडू वाहिला. २०२४ साली आचारसंहिता दसऱ्यानंतर तीन दिवसांनी लागली, तेव्हा नाना म्हणाले, "आयोगात कुणीतरी धार्मिक माणूस आलेला दिसतो."

आता गोष्ट. ती आळीत सगळ्यांना पाठ आहे आणि तरी सगळे ऐकतात, कारण सोबत काकूंची सुकेळी असतात. साल १९६९, पौष महिना. भाताण्याच्या वरच्या अंगाला, तुंगारेश्वरच्या डोंगरउतारावर हाका लावलेला. हाकारे रॉकेलचे डबे बडवत वरून खाली येताहेत. नाना सागाच्या बुंध्याला पाठ लावून उभे. वारा समोरून. तीस पावलांवरचं करवंदीचं झुडूप हलतं. नाना दस्ता खांद्याला लावतात, माशी झुडपावर धरतात, चापावर बोट ठेवतात, श्वास रोखतात.

इथे नाना खरंच श्वास रोखतात. काकू आतून ओरडतात, "अहो, बीपीची गोळी घेतली का?"

झुडपात काय होतं ते गोष्ट कोणत्या सालात ऐकली त्यावर आहे. १९८० पर्यंत तिथे भेकर होतं. पुढे आळीत गणपतीला मुंबईचे पाहुणे वाढले तसं त्याचं चितळ झालं. हल्ली सांबर असतं, तेही भिंतीवरच्या शिंगांच्या मापाचं. जनावर असं वाढत गेलं, पण बार काही निघाला नाही. "मग पुढे?" असं विचारलं की नाना सुस्कारा टाकतात. "पुढे काय, बहात्तरचा कायदा आला."

एकोणसत्तर ते बहात्तर नाना तसेच नेम धरून उभे होते का, हे विचारायची आळीत पद्धत नाही.

कायद्यांचा मात्र त्यांचा अभ्यास पक्का. शिकारीचे आकडे बहुतेक शिकारी सांगतात, नाना कलमं सांगतात. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता तोवर परवाना काढून, हंगाम सांभाळून शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दार लावलं, १९९१ च्या दुरुस्तीने राहिलेली फट बुजवली, आणि २००३ साली तुंगारेश्वरचं अभयारण्य झालं. ही सगळी मालिका आपल्याला अडवण्यासाठी आखली गेली, अशी त्यांची समजूत आहे. "एका माणसासाठी पंच्याऐंशी चौरस किलोमीटर राखून ठेवलंय," हे ते तक्रारीच्या सुरात सांगतात, पण मान ताठ असते. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवली आणि रान कागदावर उतरवलं. नानांनी तिसरीच वाट काढली: बंदूक खाली ठेवायची नाही, चालवायचीही नाही.

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो कॅनडातल्या ओंटारिओहून. नानांचा भाचा तिकडे नोकरीला आहे. एका नोव्हेंबरात त्याने फोटो पाठवला: बर्फात पडलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, शेजारी भाचा, आणि भाच्याच्या हातात खरीखुरी थ्री नॉट थ्री. ली-एनफिल्ड, नंबर चार. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या रायफली तिकडे स्वस्तात विकल्या गेल्या, पुढच्या लाकडाला कात्री लावून लोकांनी त्यांच्या शिकारी बंदुका केल्या. उत्तरेकडच्या बर्फात गस्त घालणारे कॅनडियन रेंजर्स तर परवापरवापर्यंत तीच वागवत होते. ज्या बंदुकीचं नुसतं नाव घ्यायला नाना माणूस पारखून घेतात, ती भाच्याला म्हाताऱ्या शेजाऱ्याने रीतसर विकली होती.

नानांनी फोटो मोठा करून करून बघितला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"हा भगवा कोट कसला घातलायस? जनावर पळत नाही?"

"कायदाच आहे, नाना. टोपीसुद्धा केशरी लागते. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो."

नाना स्वतःच्या खाकी शर्टाकडे बघून गप्प झाले. मग म्हणाले, "हाका कुणी लावला?"

"हाका नाही हो. झाडाला शिडीची खुर्ची बांधायची, कॉफी घेऊन बसायचं. मारल्यावर सरकारला कळवायचं, की झालं."

"मारल्यावर?" नाना उसळले. "आम्ही इथे न मारता दर पाच वर्षांनी कळवतोय!"

दुसरा धक्का घराजवळचा. २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला. चिमाजी अप्पांनंतर किल्ल्यात एवढ्या दिमाखाने शिरलेला तोच. अख्ख्या वसईने संध्याकाळी किल्ल्याकडे फिरायला जाणं सोडलं. आळी नानांकडे बघू लागली. पंचावन्न वर्षं ज्या क्षणाची तयारी चालली होती तो पायी चालत दोन किलोमीटरवर येऊन बसला होता, आणि लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चलाच लागलेली! बंदूक ठाण्यात, नानांच्या हातात पावती. नाना म्हणाले, "त्याला बरोबर ठाऊक होतं." वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले, आणि एप्रिलात बिबट्या एकही बार न निघता पिंजऱ्यात गेला. खात्याला नानांच्या बंदुकीची गरज आचारसंहिता नसती तरी पडली नसती, हे आळीत कुणी बोललं नाही. आमची आळी तशी सभ्य आहे.

नानांना गोष्ट टाळताना मी एकदाच पाहिलं. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाला डुक्कर समजून साथीदारानेच गोळी घातली. तो गेला. पेपरात बातमी आली त्या दिवशी ओटीवर कुणीतरी सवयीने एकोणसत्तर साल काढलं. नाना म्हणाले, "पान हललं म्हणून बार काढायचा नसतो," आणि आत जाऊन पडले.

भाताण्याचा एक म्हातारा पावसाळ्यात शेवळं आणि कंटोळी घेऊन आमच्याकडे येतो. नाना त्याला न चुकता राजेळीचा घड देतात आणि पैसे घेत नाहीत. त्या वर्षी तो आला तेव्हा मी त्याला गाठून विचारलं, १९६९ च्या हाक्याला होतास का? तो हसला. म्हणाला, "झुडपात मीच होतो. डबा खाली पडला, उचलायला वाकलो. नानांनी बंदूक खाली केली आणि तिथंच मटकन बसले. मग मीच त्यांना पाणी पाजलं." मग त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, "आता कोण म्हणतात नाना मला? सांबर?"

मी होय म्हणालो. तो खूश झाला.

मागच्या महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी नानांबरोबर कचेरीत गेलो. एकोणसत्तरनंतर नानांची बंदूक पोलीस ठाण्यापलीकडे कधी कुठे गेली नाही, फाईल मात्र फार हिंडली. आधी ती ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तशी तिकडे गेली. २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय झालं तशी ती इकडे आली. प्रत्येक मुक्कामात तिला दोन कागद जास्त चिकटले.

बंदूक कशासाठी हवी, या रकान्यात नाना वडिलांच्या काळापासूनचं 'पीकसंरक्षण' लिहितात. कारकून तरुण होता, पण कामाचा. त्याने सातबारा मागितला. सातबाऱ्यावर चार गुंठे, चार गुंठ्यांत केळी आणि तीन नारळ, तिन्ही बाजूंना सात-सात मजली इमारती. त्याने उतारा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"आजोबा, पिकाला धोका कुठल्या प्राण्यापासून, ते लिहिलं नाहीत."

नानांनी पेन घेतलं, जराही न थांबता लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. कारकुनाने वाचलं: बिल्डर.

तो हसला नाही. वन्यजीव कायद्यातल्या नव्या अनुसूच्या त्याला पाठ असाव्यात. त्याने गंभीरपणे विचारलं, "हा कितव्या अनुसूचीत येतो?"

"पहिल्या," नाना म्हणाले. "हात लावता येत नाही."

"मग रानडुक्कर लिहा," कारकून म्हणाला, आणि खोडायला पट्टी दिली.