कुपाटीपलीकडचा दिवा

"बाई, रातच्याला काही बघितलं का तुमी?"

सकाळी सडा टाकायच्या आधीच मावशींची हाक आली. आमच्या दोन अंगणांच्या मधे बाभळी-बोरीच्या फांद्यांची कुपाटी आहे आणि तिला खालच्या अंगाला एक भोक आहे. ते त्यांच्या कोंबड्यांनी पाडलं असं मी म्हणते, माझ्या मांजरानं पाडलं असं त्या म्हणतात. बुजवायचं नाव मात्र दोघीही घेत नाही. विरजण, निवदाचं ताट, गुडघेदुखीच्या गोळ्या, सगळी देवघेव त्याच भोकातून. बातम्या तेवढ्या वरून.

"काय बघायचं होतं?"

"पल्याडच्या घरात दिवा. कुलूप जसंच्या तसं, आन् आत उजेड. घडीभर दिसला आन् इझला."

आमचं गाव केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगावरचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर मावशी उद्याच भोक बुजवतील. दसरा-दिवाळी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. मी इथल्याच शाळेत शिकवलं, म्हणून गाव मला अजून 'बाई' म्हणतं. दसऱ्याआधी वर्गात पाय ठेवायला जागा नसायची आणि दिवाळीनंतर माझाच आवाज मला घुमून ऐकू यायचा. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली, आजीजवळ राहणाऱ्या पोरांना दोन वेळचं जेवण मिळू लागलं, तेव्हा थोडी पोरं मागे राहायला लागली. मावशींचे दोन नातू त्यातलेच. त्यांचा लेक आणि सून मिळून एक कोयता. बाहेरच्याला हे फोडून सांगावं लागतं. नवरा-बायको माणसं दोन, हिशेबात कोयता एक. एकट्यानं गेलं तर अर्धा. आमच्याकडे लग्न जमवताना भटजीच्या आधी टोळी नेणारा मुकादम तारीख काढतो, असं मी एकदा गमतीनं म्हणाले होते. मावशी हसल्या नव्हत्या.

तर असं हे फाल्गुनातलं गाव. म्हातारे, शाळकरी पोरं, कुत्री आणि आम्ही दोघी. अशा गावात बंद घरात दिवा दिसणं ही लहान गोष्ट नाही.

"पट्टा पडला असेल," मी म्हणाले. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, माणसं सुटली.

"कुठला पडतोय! रातीच लेकाचा फोन आलता. अजून पंधरा दिस म्हणायलाय. आन् पट्टा पडला तर काय एकाच घराचा पडंल का?"

बिनतोड. मावशी शाळेत दुसरीपर्यंत गेल्या, पण त्यांच्यापुढे तर्क करताना मलाच पाटी पुसावी लागते.

"मग उचल फिटली असेल लवकर. दर वाढलाय ना आता." उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला, ते पेपरात वाचलेलं मी ऐकवलं.

"दर वाढला, बाई, मोळीचं वजन तेवढंच हाय की. आन् दर वाढला की उचलबी वाढती. औंदा घराला पत्रे टाकले, पोरीचं लगीन केलं. कशाची फिटतीय?"

मग त्यांनी आवाज खाली आणला. आमच्या गप्पांत आवाज खाली आला की दोनच विषय असतात, मुकादम नाहीतर बायकांची दुखणी. "पळून आले असतील का? मुकादम दारात येऊन बसंल मग." जरा थांबून म्हणाल्या, "का तिला बरं नसंल? जाताना पोटावर हात धरून ट्रॉलीत चढली होती."

पोटावर हात म्हटलं की आमच्या गल्लीत पुढचं कुणी विचारत नाही. 'पिशवी काढली' एवढे दोन शब्द पुरतात. २०१९ साली जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा बाहेरची माणसं हादरली. मावशी तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "इचारलं का न्हाई आधी? मी बोटावर मोजून दाखवलं असतं." एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार, ते उचलीत चढणार. फडात ना आडोसा ना पाणी, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीत भरायची. दर महिन्याला दोन-तीन दिवस खाडा परवडत नाही आणि दुखणं तर थांबत नाही. तेवढ्यात कुणी डॉक्टर म्हणतो, काढून टाका, कटकट मिटेल. कटकट मिटत नाही, फक्त दुखायची जागा बदलते. मावशींच्या शेजारपाजारच्या हिशेबात आमच्या गल्लीतली सहावी बाई कोण, हे मला ठाऊक आहे. त्या स्वतःचं नाव मोजत नाहीत.

"पण आले असतील तर आले कशानं?" मी विषय बदलला.

"तेच म्हणते. ट्रॅक्टर वाजला न्हाई, कुत्रं भुकलं न्हाई."

"रेल्वेनं."

आता मात्र त्या हसल्या. बीडला रेल्वे आली, ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावर. या मार्गाला मंजुरी मिळाली तेव्हा माझ्या पहिलीच्या वर्गात पाटी-पेन्सिल घेऊन आलेली पोरं, पहिली गाडी सुटली तेव्हा आपल्या पोरांचे दाखले न्यायला येत होती. मावशींचा लेक त्यातलाच. त्यांना अजून रेल्वेत बसायचं आहे. पण कुठं जायला म्हणून बसायचं, ते ठरत नाही.

"रेल्वे बीडला, ऊस कोल्हापूरला, आन् आमी केजात. ट्रॉलीत बसलं की दारातून थेट फडात. आमाला रेल्वे पायजे होती ती त्या वर्साला. लातूरला पाणी आणलं तेव्हा."

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि सगळा देश बघत बसला. मांजरा नदी उगम पावते आमच्या पाटोद्याच्या डोंगरात, तिचं धरण धनेगावला, म्हणजे आमच्याच तालुक्यात. धरण आटलं ते सगळ्यांचंच. पण लातूरला रूळ होते. आमच्याकडे टँकर, त्याच्या मागे घागरींची रांग, आणि रांगेत मावशी. तेव्हाची ती घागर अजून त्यांच्या उंबऱ्याशी असते. पोचा आलाय, तरी मोडीत घालत नाहीत. भांडणात आलेला पोचा आहे, असं कौतुकानं सांगतात. कुणाशी भांडण, ते इथं लिहीत नाही. तीही हे वाचेल.

दुसऱ्या रात्री दिवा दिसला नाही. पत्र्यावर धपकन आवाज मात्र झाला. सकाळी मावशींचा निष्कर्ष तयार होता.

"वानर."

"वानर दिवा लावतं का?"

"लवूळची वानरं काय करतील सांगता येत न्हाई."

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ असं गाजलं, की तिथल्या माणसांना आपलंच गाव ओळखू येईना. वानरं कुत्र्यांची पिलं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती आणि ती वरून पडून मरत होती. कुणी म्हणालं, कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून हा सूड. आकडा अडीचशेपर्यंत चढला. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. जाणत्यांनी सांगितलं, सूड वगैरे काही नाही. वानरं पिल्लू उचलतात, त्याच्या उवा बघत बसतात, आणि उंचावर बिचारं उपाशी मरतं नाहीतर पडतं. पण हे ऐकायला कोण थांबलंय? सुडाची गोष्ट तोवर विलायतेच्या पेपरांत छापून आली होती.

ती कशी पोचली ते मला नेमकं कळलं. माझी भाची इंग्लंडात एका खेड्यात राहते. थोडी घरं, एक चर्च, एक दुकान, आणि पाऊस. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एरवी हवेपलीकडे कधी विषय नेला नव्हता. त्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "बीड म्हणजे तुमच्याकडचंच ना? ती माकडं आता शांत आहेत का?" भाचीनं हसत हसत फोन केला आणि व्हिडिओवर ते कुंपणही दाखवलं. हिरव्या झुडपांचं, फूटपट्टी लावून कापल्यासारखं सरळ. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी माकडांचं काही विचारलं नाही.

"एवढी सरळ कापलीय," त्या म्हणाल्या, "कोयता कुणाचा तिथं?"

भाचीनं सांगितलं, मशीन असतं. त्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. कारखान्यांवरही तोडणीची यंत्रं यायला लागली आहेत, ते त्यांच्या कानावर आहे.

तिसऱ्या दिवशी गुपित फुटलं. फोडलं मावशींच्या धाकट्या नातवानं. चेंडू आणायला तो पल्याडच्या परसात गेला आणि मागच्या दाराच्या फटीतून त्याला बिडीचा वास आला. वानर बिडी ओढत नाही, एवढं त्याला कळतं.

"बाई," मावशी कुपाटीला अशा चिकटल्या की काटे टोचल्याचंही भान नव्हतं, "जावाई हाय! विड्याचा जावाई!"

आता विडा सांगायला हवं. आमच्याच तालुक्यातलं गाव. तिथं धुळवडीला गावातला एक जावई गाढवावर बसवून मिरवतात. गळ्यात खेटरांचा हार, पुढे वाजंत्री, मागे सगळं गाव. शेवटी त्याच जावयाला नव्या कपड्यांचा आहेर करून मान देतात. नव्वदेक वर्षांची रीत असेल. जावयाला राग येत नाही, आला तरी दाखवत नाही. पण धुळवड जवळ आली की विड्याचे जावई गायब व्हायला लागतात. कुणी शहरात, कुणी पाहुण्यांकडे, कुणी फोन बंद करून शेतात. आणि गावातली पोरं पथकं करून त्यांना हुडकत फिरतात. एखादा सापडला की धुळवडीपर्यंत त्याच्यावर पहारा. बायकोसुद्धा फितूर होते म्हणतात. का होऊ नये?

पल्याडच्या घरमालकाचा हा मावसभाऊ. उसाच्या फडातून मालकानंच त्याला फोनवर सांगितलं होतं, मागच्या दाराची कडी बाहेरून निघते, जाऊन राहा, गल्लीत कुणीच नसतंय.

"कुणीच नसतंय म्हणला!" मावशींना त्याचाच राग आला होता. "आपण दोघी काय भुतं हाव का?"

राग आला तरी दुपारी त्यांनी दोन भाकरी जास्त थापल्या. माझ्याकडून पिठलं गेलं. कुपाटीच्या भोकातून ताट पलीकडे, तिथून नातवाच्या हातून मागच्या दाराला. ताट रिकामं परत आलं. ठेचा मात्र तसाच होता. "शहरात राहिलेला दिसतोय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडी माणसाबद्दल याहून वाईट शेरा नाही.

संध्याकाळी दोन मोटारसायकली गल्लीत शिरल्या. चार पोरं, अंगावर आधीच्याच वर्षीच्या रंगाचे डाग असलेले सदरे. त्यांनी गाड्या थेट आमच्या दाराशी उभ्या केल्या. मी बाजेवर ज्वारी निवडत होते. तोंड खाली घातलं, कारण खोटं बोलायला मी शाळेत कधी शिकवलं नाही आणि शिकलेही नाही.

"मावशी, राम राम. एक पाव्हणा आलाय का गावात? तिशीचा, मिशीवाला?"

मावशी कमरेवर हात ठेवून कुपाटीशी उभ्या राहिल्या. गल्लीतल्या कुलपांच्या रांगेवरून त्यांनी नजर फिरवली, अगदी सावकाश, एकेक दार दाखवत असल्यासारखी.

"पाव्हणा? आरं लेकरांनो, इथं घरचीच माणसं न्हाईत. समदी उसाला गेलीत. माणूस सापडला तर आमालाबी सांगा."

पोरांनी कुलपांकडे बघितलं. त्यातल्या एकाचे आई-बापही फडातच असणार. तो आधी गाडीवर बसला. गाड्या गेल्या. धूळ खाली बसली.

पल्याडच्या बंद घरातून कुणीतरी दाबून ठेवलेला खोकला सोडला.

"बाई," मावशी भोकाशी वाकून म्हणाल्या, "थोडा गूळ आसंल तर द्या. त्या बिचाऱ्याला ठेचा लागला वाटतं."