तोंड सिंहगडाकडे

अँटेनाकाका रस्त्यानं चालताना कधी समोर बघत नसत. त्यांची नजर कौलांच्या आणि गच्च्यांच्या वर असे. त्यापायी ते सायकलींना धडकले, हातगाड्यांना धडकले आणि एकदा वरातीतल्या घोड्यालाही. घोड्याची क्षमा न मागता त्यांनी नवऱ्या मुलाला सांगितलं, "तुमच्या मांडवामागच्या घराची अँटेना उलटी लावलीय."

पुण्याच्या पेठांत प्रत्येक आळीला असा एक गृहस्थ होता. नोकरी सरकारी कचेरीत, कारकुनाची. अंगात बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि लेंग्याच्या खिशात पाना. देवपूजेलासुद्धा तो पाना खिशातच असायचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढल्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा आला. पुण्यातल्या सगळ्या अँटेनांनी नैऋत्येला तोंड केलं. तानाजीनंतर सिंहगडाकडे इतक्या एकाग्रतेनं कुणी पाहिलं असेल तर ते आमच्या काकांनी. फरक एवढाच, की तानाजीला वर चढायला घोरपड मिळाली असं म्हणतात. काकांना मिळायची शेजाऱ्यांची शिडी, तीही एक पायरी कमी असलेली.

अँटेना उलटी असणं हे काकांच्या दृष्टीनं नैतिक अधःपतन होतं. लांब दांडी मागे, आखूड दांड्या पुढे, पुढचं टोक मनोऱ्याकडे, इतकी साधी गोष्ट. पण लोक अँटेना बाण समजून लावायचे आणि बाणाचं टोक कुठलं यावर घरात मतभेद असायचे. काका अनोळखी घराची कडी वाजवत.

"तुमची अँटेना उलटी आहे."

"आम्हाला दिसतंय की टीव्ही."

"दिसतंय हो. पण चुकीचं दिसतंय."

या बोलण्यावर काही घरांत चहा मिळे, काही घरांत दार लागे. काकांनी दोन्हींचा राग कधी धरला नाही.

अँटेना विकत घ्यायची तर काकांना तपकीर गल्लीत नेण्यावाचून गत्यंतर नसे. गिऱ्हाइकाला हवी असायची भरपूर दांड्यांची, कारण शेजारच्यांच्या अँटेनेला पाच होत्या. काका म्हणत, "सिंहगड डोळ्यांना दिसतो ना तुमच्या गच्चीवरून? मग तीन पुरे. जास्त दांड्या लांबच्याला लागतात, भोरला, वाईला. इथं अकरा दांड्यांची लावाल तर चित्र अंगावर येईल." मग ते ॲल्युमिनियमची नळी नखानं वाजवून बघत आणि दुकानदाराला सुनावत, "पोकळ आहे." जगातल्या सगळ्या अँटेना पोकळच असतात हे दुकानदाराला ठाऊक होतं, काकांनाही ठाऊक होतं. पण त्या एका शब्दावर पाच रुपये कमी होत.

ही अँटेना जपानी, हे सांगायला ते विसरत नसत. १९२६ च्या सुमारास सेंदाईच्या विद्यापीठात उदा नावाच्या माणसानं ती घडवली आणि जगभर नाव झालं त्याच्या वरिष्ठाचं, यागीचं. "आमच्या कचेरीत हेच चालतं," असं म्हणून काका उदासाठी सुस्कारा टाकत आणि तीन दांड्या खांद्यावर घेऊन बसमध्ये चढत. ती बस कधीच सुखरूप पोचत नसे, म्हणजे बसमधली माणसं.

बूस्टर मागणाऱ्याला मात्र ते उभं करत नसत. "बूस्टर चित्र मोठं करतो, तशा पडद्यावरच्या मुंग्याही मोठ्या करतो. आणि तुम्ही तो लावणार टीव्हीच्या मागे! तिथं पोचेपर्यंत वायरनं निम्मं खाल्लेलं असतं. लावायचाच तर वर, अँटेनेच्या बुडाशी." हे शंभर टक्के खरं होतं. काकांचा त्रास हाच होता की ते बहुधा बरोबर असत.

आमच्या वाड्यातल्या नानांच्या सेटवरून सगळ्यांची ही खात्री पटली. नानांकडे वीस इंची आला, शटरवाला, आणि पहिल्याच संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईंना उजवीकडे दुसरं नाक दिसलं. नानांनी कंपनीचा उद्धार केला. काकांनी नानांच्या नातवाच्या दप्तरातली लाकडी फूटपट्टी मागवली आणि भर बातम्यांत ती बाईंच्या नाकावर टेकवली. जमलेल्या बायकांना ते बरं दिसलं नाही.

"पाऊण सेंटिमीटर," काका म्हणाले. मग कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब. पडदा चाळीस सेंटिमीटर रुंद, आणि चित्राची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला बावन्न मायक्रोसेकंद. म्हणजे पाऊण सेंटिमीटर हा एक मायक्रोसेकंदाचा उशीर. तेवढ्यात लहर तीनशे मीटर जाते. "नाना, हे दुसरं नाक सिंहगडाहून सरळ आलेलं नाही. तीनशे मीटरचा वळसा घालून आलंय."

वळसा म्हणजे जायला दीडशे, यायला दीडशे. काका गच्चीवर गेले, सिंहगडाकडे पाठ केली आणि बोटांवर अंतर मोजलं. बरोबर तिथं एक नवी चारमजली इमारत होती. लहर आपल्या डोक्यावरून जाऊन तिच्या भिंतीवर आपटून परत येत होती. काका तडक इमारतीच्या मालकांकडे गेले. "तुमच्या इमारतीची सावली आमच्या बातम्यांवर पडते." मालकांनी घाबरून महापालिकेचा मंजूर नकाशा काढून दाखवला. काकांनी तो अर्धा तास वाचला, त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि परत येऊन नानांच्या अँटेनेला मागच्या बाजूनं आणखी एक दांडी ठोकली. दुसरं नाक गेलं.

दिशा लावणं हा सोहळा होता. काका कौलांवर, पाइप दोन्ही हातांत. त्यांचा आवाज खाली पोचत नाही म्हणून जिन्यात एक मुलगा, चौकात दुसरा, आणि टीव्हीसमोर वहिनी.

"आलं का?"

"आलं का?"

"आलं का?"

"आलं, आलं! थांबा!"

हे "थांबा" उलट्या वाटेनं वर जाईस्तोवर काका आणखी चार बोटं फिरवून मोकळे झालेले असत. "गेलं!" पुन्हा उलटा प्रवास. शनिवारचा मराठी सिनेमा सुरू व्हायला दहा मिनिटं असताना हे चाललेलं, आणि चौकात बिऱ्हाडकरूंची सतरंजी अंथरून तयार. अखेर चित्र आरशासारखं यायचं ते काकांनी पाइप घट्ट धरल्यावर. सोडला की मुंग्या. एकदा वाड्यानं अख्खा पहिला अर्धा सिनेमा काकांना कौलांवर उभं ठेवून पाहिला. मध्यंतरात त्यांना वर शिडीनं बटाटेवडा पोचवला गेला. काकांनी तक्रार केली नाही. उलट, आपल्या अंगातून चित्र जातंय याचा त्यांना अभिमानच वाटला असावा.

कारण सिनेमा त्यांना बघायचाच नसे. "छायागीत" असो की "गजरा", काका पडद्याच्या कोपऱ्यात मुंग्या मोजत. नायिका मरत असताना ते म्हणत, "काळा कसा काळा आलाय बघा." पाहणं ही बाकीच्यांची हौस होती. आणणं ही काकांची.

आता सिंहगडाकडे बघून काही उपयोग नाही. प्रसार भारतीनं जुने ॲनालॉग प्रक्षेपक मोजके सोडून २०२२ च्या मार्चपर्यंत बंद केले. फुकट टीव्ही अजून आहे, पण तो डीडी फ्री डिशचा, उपग्रहावरून. २००४ च्या डिसेंबरात ती सेवा सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, फक्त तबकडी आणि डबा घ्यायचा. काकांनी ऐंशीच्या घरात असताना ती स्वतः लावली. आयुष्यभर नैऋत्येला बघितलेला माणूस आग्नेयेला वळला, याचं वाड्याला फार वाटलं.

मध्यंतरी ते न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे सहा महिने राहून आले. तिकडे हवेतून फुकट टीव्ही अजून मिळतो हे कळल्यावर त्यांनी नायगारा रद्द केला. न्यू यॉर्कच्या काही वाहिन्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यावरून येतात, एडिसनहून ईशान्येला. काकांनी मुलाच्या माळ्यावर अँटेना बसवली, आणि नाराज झाले. २००९ पासून तिकडे जवळजवळ सगळं डिजिटल. चित्र येतं तर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं. मुंग्या नाहीत, सावली नाही, दुसरं नाक नाही. "मग माणसानं दुरुस्त काय करायचं?" असं त्यांनी सुनेला विचारलं. सुनेनं त्यांना डिशवॉशर दाखवला.

तर पुण्यात कुणाला फ्री डिश लावायची असेल, तर तबकडी आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे एकोणसाठ अंश वर, आणि मध्ये आंब्याची फांदी नको. जमलं नाही तर काकांना बोलवा, ते शिडी घेऊन येतील. पण सकाळी बोलवा. संध्याकाळी आले तर तुमची मालिका तुम्हाला पुढल्या आठवड्यातच बघायला मिळेल.