नाक आत, शेपूट बाहेर

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस निदान नायगारा तरी सांगतो. मी पार्किंग लॉट सांगणार आहे. नायगारा पाहिला, भिजलोही. पण त्या धबधब्याने माझ्याशी पत्रव्यवहार केला नाही.

आमची लेक इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात मक्याच्या मुळांवर पीएच.डी. करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. प्रकरण मिटलंय, पण जुने कागद कधी वर येतील याचा नेम नसतो, हे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. विद्यापीठ देखणं आहे. चुनखडीच्या दगडाच्या इमारती (न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला हाच इंडियानाचा दगड लावलाय), घड्याळाचा मनोरा आणि माणसाची अजिबात भीड न बाळगणाऱ्या खारी. झालं स्थलदर्शन.

माझ्या अंगी दोन कला आहेत. एक, अर्ज लिहिणे. दुसरी, गाडीबाहेर उभं राहून दुसऱ्याची गाडी मागे घेऊन देणे. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे या दुसऱ्या कलेत चालकाचे पूर्वग्रह आड येत नाहीत. साताऱ्यात आमच्या बोळात लग्नाचा टेम्पो शिरला की लोक मला जेवणावरून उठवून नेतात.

त्या दिवशी लेकीने ग्रंथालयाजवळच्या लॉटमध्ये गाडी आणली. फोनवर गाडीचा नंबर टाकून तीन तासांचे पैसे भरले. आता ती गाडी सरळ आत घालणार, इतक्यात मी खाली उतरलो.

"बाबा, इथे गाडी नाकानेच आत घालतात."

"निघताना मागे बघत बसणार का? आत्ताच फिरवून लाव."

"नियम आहे इथला."

"अहो, ऐका तिचं," मागच्या सीटवरून ही म्हणाली.

ज्या गावात सम तारखेला रस्त्याच्या या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाडी लावायची असते, आणि महिन्याच्या एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख आल्यावर काय करायचं याचा निवाडा मी पानाच्या टपरीवर केलेला आहे, त्या गावच्या माणसाला पार्किंगचे नियम सांगायचे? मी हात वर केला. "ये... ये... येऊ दे... उजवीकडे मार... अजून ये... बास!" गाडी मागच्या कुंपणापासून वीतभर अंतरावर थांबली. दोन विद्यार्थी उभे राहून बघत होते. त्यांनी असं काही पूर्वी पाहिलं नसावं.

परत आलो तर वायपरखाली पाकीट. हिला वाटलं कुणाच्या तरी कार्यक्रमाचं निमंत्रण. लेकीने ते न उघडताच माझ्याकडे दिलं. आत तीस डॉलर दंड. मी लगेच रुपयांत गुणाकार केला, हे करू नये असं सगळे सांगतात तरी केला, आणि अडीच हजारांच्या घरात पोचल्यावर खाली बसलो. गुन्हा: वाहन उलटे लावणे.

कारण असं की इंडियानात गाडीला नंबरप्लेट फक्त मागे असते. पुढे काहीच नाही. आणि लॉटमध्ये पैसे कुणी भरलेत हे बघायला माणूस फिरत नाही; कॅमेरे लावलेली एक गाडी रांगांमधून फिरत नंबर वाचत जाते आणि भरलेल्या पैशांच्या यादीशी ताडून बघते. माझ्या कौशल्यामुळे आमचा नंबर कुंपणाला दिसत होता, कॅमेऱ्याला नाही. पैसे भरलेली गाडी बेवारस ठरली. काही विद्यापीठं तर उलटी गाडी लावायची हौस असलेल्यांना पुढे लावायला वेगळी पाटी विकतात. म्हणजे हौस मान्य, फक्त मोल पडतं.

मला मात्र त्या पाकिटात दुसरंच काही दिसलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं की दंड अमान्य असल्यास अपील करता येईल. अपील! निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी माझ्याकडे अर्ज मागत होतं.

अर्जाला पार्श्वभूमी लागते, म्हणून रात्री वाचत बसलो. तेव्हा कळलं की जगातलं पहिलं पार्किंग मीटर 1935 साली ओक्लाहोमा सिटीत बसलं, आणि ते तयार केलं ओक्लाहोमातल्याच एका कॉलेजच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने आणि तिथूनच शिकून गेलेल्या एका इंजिनिअरने. म्हणजे ही पीडा विद्यापीठातूनच शहरात गेली! कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर तर गमतीने म्हणत की प्राध्यापकमंडळींना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे पार्किंगची तक्रार. त्यांच्याच बर्कलीत काही जागांवर 'एन एल' अशी पाटी असते. तिथे फक्त नोबेल पारितोषिक मिळालेल्यांनी गाडी लावायची.

"तुझं मक्याचं कुठवर आलंय?" मी लेकीला विचारलं.

"बाबा, झोपा."

मी मराठीत मसुदा केला. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', सगळं. एक: अर्जदार परदेशस्थ असून स्थानिक प्रथेशी अपरिचित आहे. दोन: शेजारची निळी गाडीही उलटीच होती. तीन: वाहन अल्पकाळच उभे होते. चार: फलक सहज दृष्टीस पडत नाही. सबब दंड माफ व्हावा ही विनंती. लेकीने अपिलाचं पान उघडलं आणि न बोलता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तिथे ठळक छापलं होतं की पुढील कारणांचा विचार केला जाणार नाही: नियम माहीत नव्हता, इतरांनीही तसंच केलं होतं, थोडाच वेळ गाडी होती, पाटी दिसली नाही, दुसरीकडे जागा नव्हती. माझा अर्ज त्यांनी आधीच, मुद्देसूद, फेटाळून ठेवला होता. आपल्याकडे तरी साहेब अर्ज हातात घेऊन मग फेटाळतो.

माझा आवाज चढला. "एवढं तुझं विद्यापीठ, तुला इथे साधी गाडी लावायला मिळत नाही?"

तेव्हा तिने नकाशा दाखवला. वर्षाचे परवाने रंगांवर असतात. इमारतींजवळचे रंग महाग आणि मोजके, आणि ते घेतले तरी जागा मिळेलच असं नाही. तिथले लोक त्याला शिकारीचा परवाना म्हणतात. तिचा रंग सगळ्यात स्वस्त. तो लॉट पार टोकाला, स्टेडियमच्याही पलीकडे. फुटबॉलचा सामना असला की तोही रिकामा करून द्यावा लागतो, नाहीतर गाडी उचलून नेतात. विद्यापीठाची बस तिथून सुटते, पण पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत इतक्या सकाळी जावं लागायचं की ती सरळ चालत निघायची. बर्फातसुद्धा.

"मग तेव्हा सांगितलं नाहीस?"

"सांगत होते की. रोज त्याच वेळी तर फोन करायचे."

आमच्याकडे दिवेलागणीची वेळ असायची. तिला धाप लागलेली ऐकू यायची आणि ही म्हणायची, किती घाईत असते पोरगी, आपल्याशी धड बोलत नाही. आणि मी तिला हवामान विचारायचो. बरं आहे, म्हणायची.

ही उठून स्वयंपाकघरात गेली. मी थोडा वेळ नकाशाकडे बघत बसलो. मग लेकच म्हणाली, "बाबा, अर्ज पाठवायचाय ना? मुदत संपेल."

पाठवला. चारही मुद्दे काढून टाकले आणि एकच ठेवला: पैसे वेळेत भरलेले आहेत, पावती सोबत जोडली आहे, वाहनाचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून भरलेले पैसे न भरलेले होत नाहीत. माझ्या सबंध नोकरीत इतका बांधीव अर्ज मी लिहिला नव्हता. उत्तर दोन ओळींचं आलं. पैशांबद्दल वाद नाही, दंड दिशेबद्दल आहे, अपील नामंजूर. खाली सही नव्हती, जावक क्रमांकही नव्हता. असल्या कागदावर मी तर मुळीच समाधानी नाही, पण लेकीने तेवढ्यात पैसे भरून टाकले. दंड थकला तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते.

तुमचं मूल तिकडे शिकत असेल तर जाल तेव्हा गाडी नाक आत घालूनच लावू द्या आणि तुम्ही आतच बसून राहा. पाच मिनिटांसाठी इंडिकेटर चमकवत ठेवले म्हणून कुणी सोडत नाही. आणि फोनवर हवामान विचारू नका, ते कुठेही कळतं. पार्किंग कुठल्या रंगाचं मिळालंय ते विचारा.