अण्णांचा रिजेक्ट माल

अण्णांनी परवा माझ्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं. अर्धं खाल्लेलं होतं. त्यांनी ते उजेडात धरलं, जाडीला व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "बघ, मला संशय होताच. साडेनऊच्या वर गेलंय. रिजेक्ट." मग परत माझ्या हातात दिलं. "खा आता."

तुमच्या गल्लीतही एक अण्णा असणारच. नोकरीत असेपर्यंत ज्यांना मीठ कुठल्या डब्यात असतं हे माहीत नव्हतं, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात जे 'मिठाचा डबा गॅसच्या उजव्या बाजूला का नाही?' असं विचारू लागतात, ते. बँकेतले असले तर वाण्याच्या यादीवर सही करून देतात. मास्तर असले तर बायकोच्या पदार्थांच्या वहीतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनं सुधारतात. आमचे अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, जन्म सगळा लेथवर गेलेला. ते स्वयंपाकघरात शिरले ते व्हर्निअर घेऊनच.

हा व्हर्निअर त्यांचा स्वतःचा आहे, कारखान्याचा नव्हे. आत मखमल लावलेली पेटी आहे त्याला. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो. पन्नासावा भाग कुठल्या भाजीत लागतो हे विचारायची सोय नाही. आधी त्यांनी भाकरी मोजली. "कडेला अडीच, मध्ये तीन," असा निकाल दिला. त्यांची बायको, आमची आक्का, म्हणाली, "मग मधलं खाऊ नका." पुढं चपाती झाली, पुरणपोळी झाली, मंडळाच्या प्रसादाचे लाडू झाले. एका लग्नात पंगत चालू असताना त्यांनी खिशातनं व्हर्निअर काढून जिलबीच्या वेढ्याला लावला, तेव्हा वरपक्षाला वाटलं अन्नभेसळवाले आलेत. वाढपी ताट टाकून आत पळाला.

अशात त्यांचा भाचा मस्कतहून आला. येताना डॅनिश बटर कुकीजचा तो निळा गोल डबा घेऊन आला. (अशा डब्यात शेवटी सुईदोराच राहायला येतो, पण ते नंतर.) अण्णांनी डबा उघडला, एकेक बिस्कीट उचललं, मापलं, ठेवलं. सगळी सारखी. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ही हातानं केलेली न्हाईत. ह्याला डाय हाय."

पुढच्या खेपेला भाच्यानं मशीनच आणलं. कुकी प्रेस. एक नळा, खालच्या तोंडाला भोकाची चकती, वरनं दट्ट्या आणि खटका. आक्कानं एकदा बघितलं आणि सांगितलं, "अहो, हा आपला सोऱ्याच की."

आक्काचं बरोबर होतं. तिच्या माहेरचा पितळी सोऱ्या मांडणीवर चाळीस वर्षं उभा आहे. त्यालाही नळा, त्यालाही दट्ट्या, त्यालाही चकलीची, शेवेची, पापडीची अशा चकत्या. पण अण्णांनी एवढा मोठा श्वास घेतला की आता व्याख्यान आहे हे मला कळलं. सोऱ्यातनं माल सलग पडतो आणि कुठं थांबायचं ते बाईचा हात ठरवतो. इथं खटका दाबला की दांडा एक दाता पुढं सरकतो आणि दर खटक्याला तेवढाच माल पडतो. एक खटका, एक बिस्कीट. "हात न्हाई, मेकॅनिझम," अण्णा म्हणाले. आक्का म्हणाली, "बरं. धुणार कोण?" यावर मेकॅनिझम नव्हता.

जर्मनीत, स्वीडन-नॉर्वेत नाताळ जवळ आला की घरोघरी अशी बिस्किटं पडतात, म्हणून सोबतच्या चकत्या तारा, हिमकण, नाताळचं झाड अशा होत्या. झाडाला आक्का पहिल्यापासून अशोकच म्हणते. पहिल्या दिवशी मात्र अशोकही पडला नाही आणि ताराही. पीठ चकतीलाच चिकटून लोंबकळत राहिलं. आक्कानं सवयीनं ट्रेला तुपाचा हात फिरवला होता. अण्णांनी कपाळाला हात लावला, रात्रभर विचार केला आणि सकाळी सहाला माझी कडी वाजवली. "लेका, पकड पाहिजे!" मला वाटलं पकड मागायला आलेत, मी पक्कड काढून दिली. त्यांना म्हणायचं होतं की ट्रे कोरडा पाहिजे, तूप नको, बटर पेपरही नको. पिठानं पत्र्याला धरलं तरच ते चकतीला सोडणार. शिवाय ट्रे गार पाहिजे. भट्टीतनं काढलेल्या गरम ट्रेवर दुसरा घाणा टाकला की बटर तिथंच वितळतं आणि नक्षी बसते.

हे सगळं खरं निघालं, तोच तर त्रास आहे. अण्णा चुकत असते तर गल्ली सुखी झाली असती.

मग आक्कानं नानकटाईच्या सवयीनं चिमूटभर बेकिंग पावडर घातली. हिमकणाची पुरी झाली. रिजेक्ट. साधी साखर घातली, दाणे चकतीच्या फटीत अडकले. रिजेक्ट. काजूची भरड घातली तर मशीननं जागीच मान टाकली. आता भिंतीवर लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग आहे: बटर २२५ ग्रॅम, पिठीसाखर १००, मैदा २८० चाळून, अंड्यातला एक बलक, गुरुवारी अंडं चालत नाही म्हणून गुरुवारी दोन चमचे दूध. पीठ फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, घट्ट होऊन खटका तुटतो. पण पाडून झालेला ट्रे पंधरा मिनिटं गार करायचा. १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. कडेला जरा रंग धरला की काढायचं. खाली उजव्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय' आणि 'चेक्ड बाय', दोन्हीकडं अण्णांचीच सही.

लोण्यावरून तर घरात महिनाभर अबोला होता. आक्काचं लोणी म्हणजे गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचं, घरी घुसळलेलं. त्याच्या बिस्किटाला जी चव येते ती विकतच्या बटरला येत नाही, हे मी कोर्टात सांगायला तयार आहे. पण विकतच्या बटरमध्ये निदान ८० टक्के स्निग्धांश असावाच लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या आत. घरच्या लोण्यात पाणी किती, ते आक्काच्या बोटांना कळतं, अण्णांच्या ड्रॉइंगला कळत नाही. पाणी जास्त झालं की मैदा चिवट होतो, बिस्कीट वातड होतं. अण्णांनी लोणी फडक्यात बांधून बेंचव्हाइसमध्ये पिळलं. आक्कानं ते बघितलं आणि ती तडक भावाकडं राजारामपुरीत निघून गेली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा व्हाइस धुऊन, पुसून, तेल देऊन ठेवलेला होता. कोल्हापुरात माफी अशीही मागतात.

मापात न बसलेल्या बिस्किटांचं काय करायचं? ती गल्लीला मिळतात. रोज चारच्या सुमाराला अण्णा कट्ट्यावर बसतात, डाव्या हाताला पास, उजव्या हाताला रिजेक्ट. पास माल निळ्या डब्यात जातो. रिजेक्ट परातीत जातो आणि परातीभोवती आम्ही. पोरं शाळेतनं आली की दप्तर न टाकता विचारतात, "अण्णा, रिजेक्ट हाय का?" शेजारच्या नातवाला तर ते बिस्किटाचं नावच वाटतं. त्यानं महाद्वार रोडवरच्या एका दुकानात जाऊन "पाव किलो रिजेक्ट द्या" असं मागितलं आणि दुकानदार भांडायला उठला. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तिथल्या नामांकित बेकरीचा पुडा मोठ्या अभिमानानं पुढं केला. अण्णांनी आधी मापलं. मग तीन खाल्ली. मग म्हणाले, "चवीला पास. पण गोलाई न्हाई." पाहुणे पुणेरी असूनही त्यांना उत्तर सुचलं नाही.

आणि ती चप्पल! अण्णांना बिस्कीट कोल्हापुरी पाहिजे होतं. मी म्हटलं, अण्णा, परदेशी मशीन आहे, कशाला? तर म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला ह्या गावात देशी कॅमेरा जुळवला आणि त्यावर 'सैरंध्री' सिनेमा काढला. मला एक चकती निघंना?" हे ऐकवल्यावर कोल्हापुरात वाद संपतो. उद्यमनगरातल्या जुन्या मित्राच्या शेडमध्ये पितळी पत्र्यावर चप्पल कापायचं ठरलं. पहिल्यांदा तळव्याची बाहेरची रेघ पूर्ण कापली, तर मधला तुकडा खणकन खाली पडला. तो धरून ठेवायला मध्ये पूल सोडावे लागतात. पूल सोडले, अंगठा काढला, वरची वेणीसुद्धा काढली. भट्टीतनं निघाली ती चप्पल नव्हती. आक्का म्हणाली काकडी, पोरं म्हणाली होडी. अण्णांनी स्वतःच सगळा ट्रे रिजेक्ट केला आणि त्या दिवशी परातीभोवती कुणी काही बोललं नाही. पण खाल्लं.

आमच्या लहानपणी हे सगळं बेकरीत व्हायचं. मे महिन्यात परीक्षा संपल्या की घराघरातनं मैदा, रवा, साखर, तूप, दूध आणि पत्र्याचा रिकामा डबा घेऊन लाकडाच्या भट्टीवर नंबर लावायचा. डब्यावर नावाची चिठ्ठी. तूप घरचं असल्यामुळं एक माणूस पहाऱ्याला लागायचा, कारण शेजारणीचं डालडा आपल्या परातीत आणि आपलं तूप तिच्या परातीत अशी भीती प्रत्येकीला असायची. तिथंही बिस्किटं पाडायला हँडलचं मशीन होतं. त्यातनं रेघारेघांची पट्टी यायची आणि पोऱ्या ती अंदाजानं तोडायचा. एक बिस्कीट वीतभर, एक बोटभर. आम्ही लांब कुठलं ते बघून भांडायचो. त्या पोऱ्याचा माल अण्णांच्या कट्ट्यावर आला असता तर डावी बाजू रिकामीच राहिली असती. आता बहुतेक घरी पुडा येतो. ज्या पोरांच्या आयांनी कधी भट्टीवर नंबर लावला नाही, ती परातीभोवती बसतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हळदीकुंकवाला बायका येतात, बिस्किटं खातात आणि म्हणतात, "अगं बाई, अण्णांनी केली? गडीमाणूस असून?" अण्णा कॉलर सावरतात. त्याच ताटलीत आक्काची चकली असते. काटा ताठ, आत पोकळ, तोंडात घातली की विरघळणारी. ती चाळीस वर्षं दर दिवाळीला तशीच होते. कुणी विचारत नाही कोणी केली. चकली कोण करणार? चकली होते. गड्यानं एक खटका दाबला की कौतुक, आणि बाईनं जन्मभर दट्ट्या दाबला की दिवाळी.

हे मी आक्काला बोलून दाखवलं. ती नळा धूत होती. (अजूनही तीच धुते.) म्हणाली, "खुळा हाईस काय? ते मशीन भाच्याकडनं मीच मागवलो." मी बघतच राहिलो. मग तिनं सांगितलं. कारखान्यात सीएनसी आलं, आकडे भरले की जॉब आपोआप निघायला लागला. नव्या पोरांनी अण्णांना वर्षभर काही विचारलंच नाही. शाल-नारळ झाला. त्यानंतरही अण्णा पहाटे उठायचे, खाकी पँट घालून, डबा मागून, कट्ट्यावर जाऊन बसायचे. साडेबाराच्या भोंग्याला तिथंच डबा उघडायचे. "आणि संध्याकाळी माझी भाकरी मोजायचे," आक्का म्हणाली. "म्हटलो, ह्यांना मोजायला काहीतरी दिलं पाहिजे. न्हाईतर मी खुळी होतो."

वेलचीचं साल चकतीत अडकून गेल्या मंगळवारी अख्खा घाणा वाया गेला होता. वेलदोड्याची पूड आक्काच करते, आणि तिच्या हातनं साल राहणं मला पटलं नव्हतं. तेही विचारलं. नळा पालथा घालत ती म्हणाली, "मीच टाकतो अधूनमधून. सगळी पास झाली तर दुपारी दुरुस्त काय करणार? त्यांना सांगू नकोस."

अण्णांना माहीत आहे असा माझा दाट संशय आहे. पन्नासावा भाग दिसणाऱ्या माणसाला वेलचीचं साल दिसत नाही, हे पटत नाही. त्या मंगळवारी त्यांनी साल चिमट्यानं काढलं, बराच वेळ निरखलं आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. आक्काला मात्र एवढंच म्हणाले, "मशीन खोलावं लागतंय. अर्धा दिवस जाणार." माणूस खुशीत होता. दिवाळीच्या आधी त्यांनी तिच्या सोऱ्याला लेथवर नवी लांब मूठ काढून दिली, तिचं मनगट दुखतं म्हणून. वर तिला ऐकवलं की जुनी मूठ मापात नव्हती.

तुम्ही कधी मंगळवार पेठेकडं आलात तर चारच्या सुमाराला या. निळा डबा मागू नका, तो भाच्यासाठी आहे आणि भाच्यालाही त्यातली दोनच देतात. पास मिळेल या आशेवर बसू नका. उजव्या हाताची परात पुढं ओढा आणि बिनदिक्कत रिजेक्ट खा. लोणी दोन्हीत तेवढंच असतं.