कोजागरी, शनी आणि मसाला दूध

दुर्बीण घेतल्याची बातमी सोसायटीत पसरली, की पहिलं आमंत्रण हमखास कोजागरीचं येतं. आता आकाशदर्शनाला पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. चांदण्यात तारे पुसले जातात, आणि खुद्द चंद्रावर ऊन समोरून पडत असल्यानं विवरांच्या सावल्या नाहीशा होऊन तो सपाट दिसतो. विवरं बघावीत अष्टमीला. पण अष्टमीला मसाला दूध नसतं, म्हणून कोणी येत नाही.

2025च्या कोजागरीला, 6 ऑक्टोबरला, चंद्राजवळच शनी होता. मी छातीठोकपणे जाहीर केलं, "शनीची कडी दाखवतो!" सहा इंची दुर्बीण जिन्यांवरून धापा टाकत गच्चीत नेली. ढगही जरा बाजूला झाले. रांग लागली.

पंचाईत अशी, की ही कडी लाखो किलोमीटर पसरलेली, पण जाडीला बहुतेक ठिकाणी काही मीटरच. दर पंधराएक वर्षांनी त्यांची कड नेमकी आपल्याकडे होते आणि ती दिसेनाशी होतात. त्या मार्चमध्ये तसंच झालं होतं. मग ती थोडी उघडली आणि ऑक्टोबरपर्यंत पुन्हा मिटत आली. त्यामुळे शनी दिसला तो टूथपिक खुपसलेल्या साबुदाण्यासारखा.

"ह्याच्यासाठी लिफ्ट बंद असताना वर आलो?" पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

त्यात माझी दुर्बीण हातानं सरकवायची. पृथ्वी फिरत असते, शनी मिनिटभरात नजरेआड होतो. शेजारच्या काकू स्टुलावर चढेपर्यंत तो गेलेला. काकूंची रास मेष, मार्चपासून साडेसाती.

"काहीच दिसत नाही. बरंच झालं!" म्हणून त्या समाधानानं उतरल्या. तोवरच्या रांगेतला माझा एकमेव खूश प्रेक्षक.

मग कोणीतरी वाफाळता पेला हातात धरूनच वाकलं आणि आयपीसवर वाफ धरली. मी धावेपर्यंत एका सद्गृहस्थांनी ती पुसलीसुद्धा. ज्या रुमालानं मिशीवरची साय टिपली होती, त्याच रुमालानं. पुढच्या माणसाला शनीभोवती चांगलं रुंद, दुधाळ वलय दिसलं.

"दिसलं, दिसलं कडं!"

रांग पुन्हा पहिल्यापासून लागली. आजोबासुद्धा परत आले. भिंग स्वच्छ करण्याचा विचार माझ्या मनात आला होता, पण एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.

खरी कडी आता हळूहळू उघडत जातील आणि 2032च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. तेव्हा जरूर या. फक्त पौर्णिमा सोडून, आणि दूध खालीच पिऊन.