मसुद्याचं सदाहरित जंगल

पश्चिम घाटात अजूनही नवनवे बेडूक सापडतात, पण तिथल्या सर्वांत चिवट प्रजातीची नोंद कुणी केलेली नाही. तिचं नाव मसुदा अधिसूचना. घाटाचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारी केंद्र सरकारची ही प्रजाती पहिल्यांदा १० मार्च २०१४ला उगवली, नंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि सहाव्यांदा ३१ जुलै २०२४ला. दर वेळी साठ दिवस हरकती मागवायच्या, राज्यांनी नाकं मुरडायची आणि मुदत संपली की नवं रोपटं लावायचं. अंतिम अधिसूचना नावाचं फळ मात्र याला धरत नाही. लोक याला दिरंगाई म्हणतात, पण तो सरकारवर अन्याय आहे. मसुदा मसुदाच ठेवणं हेच इथलं जमीन-नियोजन आहे, आणि त्याची अंमलबजावणी अतिशय चोख चालू आहे.

पुरावा मसुद्यातच आहे. चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्टा संपताच बंद करायच्या, पण ती पाच वर्षं मोजायची अंतिम अधिसूचनेपासून. पहिलाच मसुदा पक्का झाला असता, तर २०१९मध्ये हा विषय मिटला असता. पंचांगच न छापल्यामुळे मुहूर्त टळला. दरम्यान क्षेत्र आक्रसत गेलं. माधव गाडगीळ समितीने २०११मध्ये सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा सगळा घाट संवेदनशील मानून त्याची तीन श्रेणींत विभागणी केली होती. नंतरच्या कस्तुरीरंगन गटाने २०१३मध्ये सुमारे ६०,०००च ठेवले, आणि सहाव्या मसुद्यात ५६,८२५ उरले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४०. गावागावांची जमीन तपासणं किचकट असतं, असं राज्यं म्हणतात. खरंच असेल. मात्र ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पासाठी साताऱ्यातल्या चार तालुक्यांतली २३५ गावं नियोजनाखाली आली, आणि प्राधिकरण म्हणून नेमलं कोणाला, तर रस्ते विकास महामंडळाला. डोंगराचा आराखडा रस्तेवाल्यांनी करावा, हे म्हणजे दुधाची राखण बोक्याकडे देण्यासारखं; निदान बोका दुधाचा जाणकार तरी असतो.

गरीब शेतकऱ्याचं काय, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सातबाऱ्यावर शिक्का बसेल, गोठासुद्धा बांधता येणार नाही, ही धास्ती गावात खरी आहे. पण मसुद्यातली बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, अतिप्रदूषक ‘लाल’ श्रेणीतले उद्योग आणि २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांवर. एवढा मोठा गोठा बांधणारा शेतकरी आढळला, तर त्याला जरूर सूट द्यावी. धास्ती पसरली, कारण निर्णय दिल्लीहून नकाशा होऊन येतो आणि गावात अफवा होऊन पोचतो. त्यावर गाडगीळांकडे उतारा होता. आपल्या शिवारात काय चालेल, हे ग्रामसभांनी चर्चेतून सांगावं. त्यांचा अहवाल महिनोन्‌महिने दडपून ठेवला गेला आणि माहिती अधिकाराच्या रेट्याने बाहेर आला. त्यानंतर ‘हे लोकांना विचारलंच नाही’ अशी ओरड करणाऱ्यांत, लोकांना विचारू न देणारेच पुढे होते.

दुसरा आक्षेप असा की दरडी पावसाने कोसळतात, अधिसूचनेने थांबत नाहीत. बरोबर. ढगांना नोटीस बजावता येत नाही. पण कोणता उतार कापायचा, ओढ्याच्या तोंडाशी काय बांधायचं, वस्ती कुठून हलवायची, हे जमिनीच्या वापराचे निर्णय आहेत आणि ते माणसंच घेतात. शिवाय हरकतींचे साठ दिवस काटेकोरपणे पाळायचे, तर डोंगराचीही पंचाईत होते. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर तो कोसळला, १५१ माणसं गेली. पण पहिल्या मसुद्यावरच्या हरकतींची मुदत मे महिन्यातच संपली होती. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, केरळातल्या वायनाडमध्ये दरडींखाली दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि सहावा मसुदा निघाला दुसऱ्या दिवशी. एक हरकत उशिरा आली, दुसरी एक दिवस लवकर. दोन्ही मुदतीबाहेर.